सहा महिन्यांचं माहेर

कुणाला घराबाहेर काढायचं तर तेही पंचांग पाहून, अशी करंबेळकरांकडे रीत होती. सोनमतीचे सहा महिने मार्गशीर्षात भरत होते. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, पंचांग डोळ्यांशी धरलं आणि तिसरा गुरुवार मुक्रर केला. राहुकाळ टळला की बोळवण. दुर्गाघाटावरच्या या घराचा खालचा मजला अप्पांनी आपल्या आईच्या, शरदिनीबाईंच्या नावाने बेघर बायकांना आणि त्यांच्या पोरांना राहायला दिला, तेव्हापासून एकही बाई इथून कुमुहूर्तावर बाहेर पडलेली नव्हती. पूर्वी तिथे काशीयात्रेला आलेली मराठी मंडळी उतरत. आता घाटाच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्या बायका येत. सहा महिने छप्पर, दोन वेळचं जेवण, शिवणकामाचं शिक्षण, मग बाहेर एखादी भाड्याची खोली पाहून द्यायची आणि ओटी भरून निरोप द्यायचा, लेकीला माहेरून देतात तसा. पुण्याचे देणगीदार आले की अप्पा हे शेवटचं आवर्जून सांगत आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. खालच्या बायकांचे डोळे कशाने भरून येतात हे विचारायची पद्धत नव्हती.

अप्पांच्या पत्नी लतिकाबाई सकाळपासून ओटीच्या तयारीला लागल्या होत्या. नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक असं सगळं ताटात मांडून झालं. तांदूळ निवडून झाले. सोनमतीचा नवरा सुरतेला जातो म्हणून गेला तो परतलाच नव्हता. जिवंत आहे की नाही कुणालाच माहीत नव्हतं. पण मेल्याची बातमी नाही म्हणजे ती सवाष्ण, हा निवाडा लतिकाबाईंनी कधीच करून टाकला होता. राहिला होता फक्त खण. खणांची पेटी यज्ञेशच्या खोलीतल्या कपाटावर होती, आणि त्या खोलीत सध्या देवयानी राहत होती.

यज्ञेश हा नातू, शिकायला पुण्यात. देवयानी ही लेक, मुगलसरायच्या शार्दूलला दिलेली. श्रावणात आपल्या मुलीला, रुचाला घेऊन आली ती अजून इथेच होती. आज सकाळी रुचा शाळेत गेली होती, देवयानी खाली बायकांत होती. लतिकाबाई स्टुलावर चढल्या, पेटी ओढली, तर तिच्यावर ठेवलेली देवयानीची बॅग खाली आली. आत काहीतरी धातूचं वाजलं.

रुचाच्या जुन्या शाळेच्या स्वेटरमध्ये ती गुंडाळलेली होती. पितळेची, वीतभरही नाही, हातात पळी धरलेली अन्नपूर्णा. लतिकाबाईंनी स्वतः ठठेरी बाजारात चार दुकानं पालथी घालून घेतलेली. लग्नात मुलगी गौरीहर पुजते ती हीच, आणि माहेरून सासरी नेते तीही हीच. एकदा नेली की ती त्या घरची. नेलेली अन्नपूर्णा बाई परत आणते ती एकाच अर्थाने.

त्या स्टुलावरच बसल्या.

श्रावणात देवयानी दारात उभी राहिली तेव्हा लतिकाबाईंनी तिला पाणीही विचारलं नव्हतं. पहिलं विचारलं होतं, "अन्नपूर्णा कुठे आहे?"

"तिकडेच आहे, आई."

हुश्श झालं होतं त्यांना. देव तिकडे म्हणजे घर तिकडे. भांडण आहे, निवळेल. मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला राहणाऱ्या बायकांना त्यांनी सांगितलं, मंगळागौरीला आली आहे. मग सांगितलं, नवरात्राला थांबली आहे. मग दिवाळीला. परवापासून त्या सांगत होत्या की रुचाला इकडची शाळा चांगली वाटते. इतकं खोटं त्या उभ्या जन्मात बोलल्या नव्हत्या, आणि ते सगळं या एका खोट्याच्या भरवशावर.

फसवलं हिने मला, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. राग आला होता, पण रागाच्या आधी भीती आली होती आणि तीच खरी होती. आता लोकांना काय सांगायचं? त्यांनी अन्नपूर्णा पदरात बांधली, एक खण काढून घेतला, पेटी आणि बॅग होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला.

* * *

खालच्या घरात मधुराला सोनमतीच्या डोळ्याला डोळा भिडवायचं जिवावर आलं होतं. मधुरा ही घरातली सून. नाव अप्पांचं, काम तिचं. कोण आली, कोणाच्या पोराला ताप आहे, कोणी कोणाचं पांघरूण पळवलं, सगळं तिच्याच डोक्यावर.

सोनमती कोपऱ्यातल्या खोलीत गाठोडं बांधून बसली होती. मांडीवर गुडिया, नाक वाहत असलेली. बाहेर गल्लीत धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराची खिडकी दिसत नव्हती.

"दीदी, खिचड़ी तक रुक जाने दीजिए," सोनमती म्हणाली. खिचडी म्हणजे इकडची संक्रांत. "ठंड बहुत है. बचिया की छाती बोल रही है."

"राजघाट वाले कमरे का क्या हुआ?"

"मालिक पूछता है, मरद कहाँ है. हम कहे, सूरत में. कहता है, बुला लाओ, तब चाबी मिलेगी."

मधुराला ते कालच कळलं होतं. तरीही विचारलं, कारण दुसरं काय बोलायचं? "हमारे हाथ में कुछ नहीं है, सोनमती."

हे पूर्ण खरं नव्हतं. मुदत वाढवता येत होती. अप्पांनी हो म्हटलं की झालं. पण आजवर ते कधी हो म्हणाले नव्हते, आणि वर्षानुवर्षं त्यांना विचारून मधुरा थकली होती.

देवयानी तेव्हाच आत आली. तिने गुडियाच्या छातीला कान लावला आणि सरळ उभी राहिली. "सामान खोलो. मैं अप्पा से बात करूँगी. अभी, खाने के वक्त."

"सच, छोटी दीदी?"

"सच."

सोनमतीने गाठोडं सोडलं नाही. फक्त एक गाठ सैल केली, आतून पोरीचं लोकरीचं टोपडं काढलं आणि पुन्हा गाठ मारली. पक्कं झाल्याशिवाय सोडायचं नाही एवढं आयुष्याने तिला शिकवलं होतं.

जिन्यात मधुराने देवयानीचा हात धरला. "एकटी नको बोलू. मी सुरुवात करते, तू पुढे ने. तुझं ऐकतात ते."

"माझं?" देवयानी हसली. "माझं ऐकत असते तर मी श्रावणातच सगळं बोलले असते, वहिनी."

देवयानी आली त्या दिवशी ब्लाऊज बदलताना तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ पहिल्यांदा मधुरानेच पाहिले होते. तिनेच हळद लावली होती, तिनेच नवऱ्याला, निनादला सांगितलं होतं. त्या दिवसापासून या दोघींचं घरात एक होतं, आणि मधुराला त्याचा अभिमान होता.

* * *

जेवायला अप्पा आणि निनाद बसले. बायकांचे गुरुवारचे उपास, त्या वाढायला. निनादने बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, कारण बोळवणीचे फोटो तो काढत असे.

"अप्पा, सोनमतीला संक्रांतीपर्यंत ठेवू या," मधुरा वरण वाढता वाढता म्हणाली. "राजघाटची खोली हातची गेली. नवरा दाखव म्हणतो मालक. आत्ता कुठून आणेल ती नवरा?"

"दुसरी खोली बघा."

"बघते आहे. पण ती मिळेपर्यंत कुठे जाईल? पोर आजारी आहे."

अप्पांनी भात कालवला. "मधुरा, नियम कशासाठी केला? एकीला वाढवून दिलं की दुसरी मागणार. मग हे आश्रयाचं ठिकाण राहत नाही, ठिय्या होतो. बाहेर किती जणी थांबल्या आहेत तुला मालूम आहे."

"नियम तुम्हीच केलात ना, अप्पा?" देवयानी म्हणाली. ताक घेऊन ती त्यांच्या बाजूला येऊन बसली, लहानपणी बसायची तशी. "मग एकदा मोडायचा अधिकारही तुमचाच. घाटावर काय थंडी आहे पाहिलीत? सकाळी तुम्ही स्वतः आंघोळीला जाताना दोन शाली घेतल्या."

अप्पांना हसू आलं. ही मुलगी अशी बोलली की त्यांना नेहमी हसू यायचं. संस्कृत शिकवण्यात हयात गेली, वर्गात कुणी उलट प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. पण देवयानीचा खपे. या घरात त्यांना कुणी मनापासून आवडत असेल तर ती ही, हे त्यांना स्वतःला माहीत होतं आणि ते कधी कुणाला सांगत नसत.

"संक्रांतीपर्यंत म्हणतेस?"

"फक्त संक्रांतीपर्यंत."

"बघतो," अप्पा म्हणाले, आणि मधुराच्या छातीवरचं ओझं उतरलं, कारण अप्पांचं "बघतो" म्हणजे निम्मं "हो" असे.

त्याच वेळी लतिकाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि अन्नपूर्णा अप्पांच्या पानाजवळ, मीठ-लिंबाच्या शेजारी ठेवली.

"आधी हे बघा. हिच्या बॅगेत होती. रुचाच्या स्वेटरात गुंडाळून."

निनादचा हात घासासकट थांबला. अप्पांनी मूर्तीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, पुन्हा मूर्तीकडे. देवयानी ताकाचं भांडं हातात धरून बसून राहिली.

"म्हणजे तू जाणारच नव्हतीस," निनाद म्हणाला.

"नाही."

"मी दर आठवड्याला शार्दूलला फोन करून सांगतो, जरा थांबा, येईल. तोंडावर पडलो ना मी!"

"मी कधी म्हटलं येईन, दादा?"

"अन्नपूर्णा तिकडे आहे म्हणालीस! आईला तोंडावर खोटं बोललीस!"

"हो, बोलले." देवयानीचा आवाज चढला. "देव तिकडे आहे असं म्हटलं तरच मी इथे पाहुणी होते. आईने पाण्याच्या आधी तेच विचारलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर पाणी मिळालं असतं का मला?"

"असं बोलू नकोस," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कुठल्या आईला लेकीचा संसार नको असतो? मी तुझं वाईट चिंतलं का गं?"

"नाही चिंतलंस. तू फक्त वाट बघत होतीस, मी कधी जाते त्याची."

अप्पांनी हात वर केला. "पुरे. देवयानी, मतभेद प्रत्येक संसारात असतात. शार्दूल रागीट आहे, मान्य. पण निर्व्यसनी आहे, रेल्वेतली पक्की नोकरी आहे."

"मतभेद," देवयानी म्हणाली. "अप्पा, खाली एखादी बाई मार खाऊन आली की तुम्ही अत्याचार म्हणता. भाषणात म्हणता, देणगीदारांसमोर म्हणता. माझ्या वेळी तुम्हाला मतभेद कुठून सुचला?"

एवढं वाचलेल्या अप्पांना ते फार लागलं, आणि तो राग ते लपवू शकले नाहीत.

"वहिनी, तू सांग ना," देवयानी वळली. "तू पाहिले होतेस वळ."

सगळे मधुराकडे पाहू लागले. मधुराला बोलायचं होतं. गेले चार महिने ती याच क्षणाची तयारी करत होती असं तिला वाटत असे. पण चार महिने तिच्या डोक्यात देवयानी ही जाणारी बाई होती. थोडे दिवस राहील, आपण पाठीशी उभं राहू, मग काहीतरी होईल. आता ते काहीतरी झालं होतं. देवयानी राहणार होती. वर, यज्ञेशच्या खोलीत, रुचासकट, कायमची.

"पाहिले होते," मधुरा म्हणाली. "मी नाही कुठे म्हणते? चूक शार्दूलरावांचीच आहे. फक्त... यज्ञेश फेब्रुवारीत परत येतोय. त्याला परीक्षेचा अभ्यास इथे करायचा आहे. त्याला खोली तर लागेल."

बोलता बोलताच तिला स्वतःची किळस आली. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत, कारण ते खरे होते.

देवयानीने ताकाचं भांडं खाली ठेवलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

मग निनाद बोलला, आणि नवल म्हणजे मघाशी ओरडणारा तोच आता मवाळ झाला होता. बँकेत कर्जदाराला समजावताना त्याचा असा आवाज लागत असे.

"असं करू या का? खालची कोपऱ्यातली खोली आज रिकामी होतेच आहे. देवयानी आणि रुचा तिथे राहतील. खाली रात्रीचं आपलं कुणीतरी असायला हवंच. मधुरा किती वेळा जिने चढ-उतर करणार? लोकांनाही सांगता येईल, निवासाचं काम बघते म्हणून. नवऱ्याला सोडून बापाकडे बसली आहे असं कुणी नाही म्हणणार."

"हो, हे बरं," लतिकाबाई डोळे पुसत पटकन म्हणाल्या. मंगला गौरीच्या बायकांना सांगण्यासारखं काहीतरी अखेर हाती लागलं होतं.

"सोयीचं आहे," अप्पाही म्हणाले. त्यांनी पुन्हा भात कालवायला घेतला. घास तोंडाशी नेला आणि थांबले. "मात्र नियम तिथला आहे. सहा महिने. तेवढ्यात नोकरी बघ, कुठेतरी जागा बघ."

"अहो, काय बोलता?" लतिकाबाई म्हणाल्या. "लेक आहे ती."

"म्हणूनच. आपल्या मुलीला वेगळा नियम लावला तर खालच्या बायकांना मी कोणत्या तोंडाने सहा महिने सांगू?"

ते मनापासून बोलत होते. आपण फार न्यायाने वागलो असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि त्यात थोडं दुःखही होतं, कारण न्यायाने वागायला दुःख होतं अशी त्यांची समजूत होती. मग त्यांना मघाचं आठवलं.

"तू सोनमतीचं काय म्हणत होतीस?"

देवयानीने मान वर केली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. एक खोली एक कुटुंब, हाही या घराचाच नियम होता. बाकीच्या खोल्या भरलेल्या होत्या. सोनमती राहिली तर कोपऱ्यातली खोली नाही. खोली नाही तर यज्ञेशची, ती फेब्रुवारीत जाणार. मग मुगलसराय. शार्दूल दार उघडेल, हसेल, आत घेईल आणि दार लावेल. रुचा रोज झोपताना विचारत होती, मम्मी, अब तो वापस नहीं जाना है ना? आणि ती रोज सांगत होती, नहीं.

दोघींना एकत्र राहू दे, असं म्हणता आलं असतं. कदाचित अप्पा हो म्हणाले असते. कदाचित दोन्ही गेलं असतं. ते "कदाचित" तिला परवडण्यासारखं नव्हतं.

"काही नाही," देवयानी म्हणाली.

मधुराने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. अप्पांनी ताक मागितलं.

* * *

राहुकाळ टळला तेव्हा खालच्या अंगणात पाट मांडला. सोनमती पाटावर बसली. एव्हाना तिला सगळं ठाऊक झालं होतं का, हे देवयानीला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. लतिकाबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला आणि ओंजळीने तांदूळ घातले. मग नारळ, खण, हळकुंड, सुपारी. एकही दाणा खाली सांडला नाही. हे काम त्या फार निगुतीने करत.

"बहनजी, एक मिनट इधर देखिए," निनादने सोनमतीला सांगितलं आणि फोटो काढला. गुडिया खोकत होती म्हणून एक हलला. त्याने दुसरा काढला.

अप्पांनी आशीर्वाद दिला. "सुखी रहो. यह तुम्हारा मायका है. कभी भी आना."

सोनमती सगळ्यांच्या पाया पडली. देवयानीच्या पायाशी वाकली तेव्हा देवयानीने तिला मधेच धरलं.

"छोटी दीदी," सोनमतीने हळूच विचारलं, "बात हुई थी?"

मधुरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला ऐकू गेलं असणार.

"हुई थी," देवयानी म्हणाली. "नहीं माने."

मधुरा पुढे झाली नाही. ती गुडियाच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली, बांधून झालेली नाडी पुन्हा सोडून बांधत राहिली. दुपारी तुटलेली दोघींची एकी त्या खोट्यावर पुन्हा जुळली, आणि आता ती कधी तुटणार नव्हती.

सोनमतीने देवयानीच्या पाठीवरून हात फिरवला. "कोई बात नहीं. रोइए मत. आपने हमारे लिए कहा तो सही. हमारे लिए कभी कोई नहीं कहता."

देवयानी रडत नव्हती. पण आता रडू लागली. सोनमती तिला थोपटत राहिली, आणि सगळ्यांना ते फार हृद्य वाटलं. निनादने तोही फोटो काढला.

"कहाँ जाओगी?" देवयानीने विचारलं.

"रैन बसेरा में. स्टेशन की तरफ वाला. औरतों का अलग है वहाँ, रात को सो सकते हैं." पदरातली ओटी सावरत ती म्हणाली, "गठरी कमरे में रह गई. लेकर आती हूँ."

ती आत गेली आणि जरा वेळाने बाहेर आली, एका हातात गाठोडं, दुसऱ्यात पोर. संकठा घाटाच्या बाजूने वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. लतिकाबाई दारात उभ्या राहून ती वळेपर्यंत पाहत राहिल्या. तसं पाहत राहायचं असतं.

* * *

दिवेलागणीच्या आत देवयानीने बॅग भरली. भरण्यासारखं फारसं नव्हतं. रुचा शाळेतून आली तर तिने गणवेशातच दप्तर उचललं.

जिन्याच्या तोंडाशी लतिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी अन्नपूर्णा पुढे केली. "तुझी तू ने. इथल्या देवघरात दोन नको."

देवयानीने ती घेतली. आईच्या मागे, ओट्यावर, दुपारचं ताट अजून तसंच होतं. दोन नारळ उरले होते, तांदळाचं पातेलं निम्मं भरलेलं होतं.

"ओटी नाही भरणार, आई?"

लतिकाबाईंनी ताटाकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा हात हललाही. मग त्यांनी तो पदराखाली घेतला. "ओटी सासरी जाणारीची भरतात, देवयानी."

"सोनमती कुठल्या सासरी गेली?"

लतिकाबाईंना उत्तर माहीत होतं. सोनमती परकी होती. परक्या बाईला ओटी भरून वाटेला लावलं की आपलं काम संपतं. आपल्या लेकीची ओटी भरायची तर आधी ती कुठे जाते आहे हे कबूल करावं लागलं असतं. रुचाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "सकाळी चहाला वर ये हां," म्हणाल्या.

"जी, आजी," रुचा म्हणाली.

जिना उतरायला कितीसा वेळ लागतो? खाली बायका दारादारांतून पाहत होत्या. कालपर्यंत छोटी दीदी म्हणणाऱ्यांपैकी एकीने उठून बादली बाजूला सरकवली आणि आपल्या पोराला म्हणाली, "हट, नयी वाली को जाने दे."

कोपऱ्यातली खोली लोटलेली होती. आत एक खाट, भिंतीवर पोरीने खडूने काढलेला पतंग, आणि खिडकीच्या फळीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तांदळाची छोटी रास. बाजूला नारळ. त्याला टेकवून ठेवलेला खण, घडीही न मोडलेला. हळकुंड आणि सुपारी एकीकडे, व्यवस्थित.

"मम्मी, ये आंटी अपना सामान भूल गईं," रुचा म्हणाली. "दौड़के दे आऊँ?"

"भूली नहीं, बेटा. वहाँ चूल्हा नहीं जलाने देते. कच्चा चावल लेके क्या करेगी?"

या घरातून किती बायका अशा गेल्या आणि किती ओट्या अशा मागे राहिल्या? खोली झाडणाऱ्या बाईला माहीत असणार. मधुराला माहीत असणार. मधुराने कधी वर सांगितलं नव्हतं, आणि आता देवयानीही सांगणार नव्हती.

तिने बॅग खाटेवर टाकली आणि अन्नपूर्णा हातात घेऊन खोलीभर पाहिलं. ठेवायला दुसरी जागा नव्हती. आणि तिला नुसत्या फळीवर ठेवत नाहीत, खाली तांदूळ लागतात. हे आईनेच शिकवलं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी, स्वतः वाटीत तांदूळ घालून.

फळीवरची रास तिने हाताने सारखी केली आणि सोनमतीच्या तांदळांवर तिला बसवलं.

"मम्मी, ये कमरा अब हमारा है?"

वरून लतिकाबाईंच्या गुरुवारच्या आरतीची घंटा ऐकू येऊ लागली. देवयानीने दार लावलं आणि आतून कडी घातली.

"हाँ," ती म्हणाली. "किसी से पूछना मत, बस."